पहिल्या क्रमांकाचे सर

सिंगापूरच्या हौगांग भागात आमच्या ब्लॉकच्या मागे एक बास्केटबॉल कोर्ट आहे. रविवारी सकाळी आम्ही पाच जण तिथे जमतो. चौघे पन्नाशीच्या आगेमागे आणि एक सत्तरीचे चिनी गृहस्थ, निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही अंकल म्हणतो. अर्धा तास खेळतो, त्यातला निम्मा वेळ गुडघे चोळतो आणि मग जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी म्हणजे इथली कॉफी पीत दोन-दोन तास बोलत बसतो. खरं तर जमतो ते त्या बोलण्यासाठीच. पाचही जणांना अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं वेड आहे. मार्चमध्ये तिकडचे संध्याकाळचे सामने इथे सकाळी दिसतात. टिश्यूच्या पाकिटाला फोन टेकवून आम्ही ते बघतो, आणि सामना संपला की आमचा कायमचा वाद सुरू होतो. आजवरचा सर्वांत मोठा कोच कोण?

त्यासाठी एक यादी होती, पहिल्यापासून पंचविसाव्यापर्यंत. ती माझ्या फोनमध्ये असायची, आणि कुणाला वर चढवायचं, कुणाला खाली उतरवायचं यावर हात वर करून मतं घेतली जायची. एक जण म्हणायचा, ज्याच्याकडे दरवर्षी देशातली सगळ्यांत उंच मुलं आपणहून येतात त्याच्या विजेतेपदांना अर्धेच गुण द्या. लहान गावातल्या कॉलेजला एकदा शेवटच्या चारांत नेणारा तो खरा कोच. दुसरा म्हणायचा, किती वर्षं टिकला ते बघा. अंकलनी तीस वर्षं शाळेतल्या मुलांना खेळ शिकवलेला. त्यांचं म्हणणं असं की यादी करायचीच असेल तर बाकावर बसून राहिलेल्या बाराव्या खेळाडूला विचारून करावी. त्यावर सगळे हसायचे. माझं मत पक्कं होतं. विजेतेपदं मोजायची आणि बाकी सगळं बाजूला ठेवायचं.

माझी मुलगी इथल्या शाळेच्या संघात खेळते. तिच्या कोचबद्दलही मी असाच बोलायचो. एकदा तिला थोडी कणकण होती म्हणून त्याने तिला आठवडाभर सरावाला घेतलं नाही, तेव्हा जेवताना मी म्हणालो की असले कोच कधी काही जिंकून देत नाहीत. ती म्हणाली, "फीव्हर इज फीव्हर लाह, बाबा," आणि जेवत राहिली.

त्याच मार्चमध्ये मला एक कल्पना सुचली आणि मी ती आमच्या कॉलेजच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. हे कॉलेज विदर्भातल्या एका शहरातलं. तिथे मी इंजिनिअरिंग केलं, चार वर्षं बास्केटबॉल खेळलो आणि शेवटच्या वर्षी कॅप्टन होतो. ग्रुपवर अजूनही मला सगळे कॅप्टनच म्हणतात. मी लिहिलं की आपण अमेरिकेतल्या कोचची क्रमवारी लावत बसतो, मग आपल्या कॉलेजच्या कोचची का लावू नये? साठ वर्षांत पाच कोच झाले. कोण पहिला?

पुंगोलला एका स्नेह्यांकडे बुद्धवंदनेला गेलो होतो, तिथून परत येईपर्यंत फोनवर दोनशे संदेश जमले होते. आणि क्रमवारीत वाद असा नव्हताच. आमच्या वेळचे कोच, आमचे सर, पहिले. बाकीच्या चौघांत दुसरा क्रमांक कुणाला, यावर थोडी हुज्जत झाली, पण पहिल्या जागेवर एकमत. सरांनी कॉलेजला विद्यापीठाचं अजिंक्यपद एकदाच मिळवून दिलं, आणि ते माझ्या कॅप्टनशिपच्या वर्षी. चार दिवसांत गोष्ट पुढे गेली. कॉलेजात नवीन इनडोअर कोर्ट बांधून होत आलं होतं. सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. कोर्टाला सरांचं नाव द्यायचं, सत्कार करायचा आणि मानपत्र कॅप्टनने लिहायचं, असं ठरलं. मी आनंदाने हो म्हणालो. मानपत्रात घालायला जुन्या सामन्यांचे आकडे हवे होते, म्हणून कुणीतरी कॉलेजच्या ऑफिसात कळवलं की त्या वर्षांचं सगळं रेकॉर्ड स्कॅन करून थेट माझ्याकडे पाठवा.

ते आलं तेव्हा मी पाया लेबारच्या ऑफिसात होतो. दुपारचे दोन वाजले असतील. स्कोअरशीट, संघाचे फोटो, प्रवासाच्या परवानगीचे अर्ज. शेवटी वेगळा एक कागद होता, रेघा मारलेला, निळ्या शाईतला, खाली अकरा सह्या. त्याच्याखाली पाठवणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, "दादा, मागितलेलं सगळं पाठवलं आहे. हा कागद त्याच फाइलमध्ये होता. आमच्या आईकडे तुमचं एक जुनं पत्र आहे. अक्षर तेच वाटलं. हे तुम्हीच लिहिलं आहे का?"

खाली त्यांचं नाव होतं, आणि आडनाव माझ्या रूममेटचं. त्याची धाकटी बहीण. तो गेला तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असेल. कॉलेजने पुढे तिला ऑफिसात नोकरी दिली हे मी कुठेतरी ऐकलं होतं आणि विसरलो होतो.

माझा रूममेट डावखुरा होता. लहानखुरा, पण लांबून त्याचा चेंडू चुकत नसे. वडील लवकर गेलेले, आई अंगणवाडीत खिचडी शिजवायची. हॉस्टेलच्या खोलीत तो पहाटे उठून जिन्यातून वरखाली पळायचा आणि शेजारच्या खोल्यांतल्या शिव्या खायचा. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. त्याच्या घरून आलेली शेंगदाण्याची चटणी माझ्याच ताटात जास्त जायची.

आणि सर. सरांविषयीही सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी बौद्ध वस्तीतला. पहिल्या वर्षी संघात माझं नाव लागलं तेव्हा दोन सीनियर मुलं माझ्या आडनावावरून काहीतरी बोलली आणि हसली. सर तिथेच होते. ते त्यांना काही बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला कॅप्टन केलं आणि त्याच आठवड्यात सायकलवरून आमच्या वस्तीत आले, आमच्या घरी जमिनीवर बसून जेवले, आईला म्हणाले, तुमचा मुलगा माझा संघ सांभाळणार आहे. जाताना सगळी गल्ली बघत होती. माझे वडील त्यानंतर मरेपर्यंत ती गोष्ट सांगत होते. सरांनी मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर ती किती खोल आहे हेही मी विचारलं नसतं.

ते आमच्या शेवटच्या वर्षातले मार्च अखेरचे दिवस होते. विद्यापीठाचे सामने तीन आठवड्यांवर. रूममेटला ताप आला आणि त्याचा दोन दिवस सराव बुडाला. तिसऱ्या दिवशी तो आला, दुपारी चार वाजता, डोळे लाल. विदर्भात त्या महिन्यात चार वाजता काय ऊन असतं ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. सरांनी त्याला विचारलं, कुठे होतास. तो म्हणाला ताप होता. सर म्हणाले, ताप सगळ्यांनाच येतो. मैदानाशेजारी प्रेक्षकांसाठी सिमेंटच्या पायऱ्या होत्या, तीस-पस्तीस असतील. नियम असा की सराव बुडवला तर त्या पायऱ्या वीस वेळा पळत चढायच्या आणि उतरायच्या. आम्ही सगळ्यांनी ते कधी ना कधी केलं होतं.

त्याने सुरुवात केली. फेऱ्या मोजायचं काम कॅप्टनचं. सातवी फेरी झाली आणि ऑफिसातून शिपाई आला की प्राचार्यांनी बोलावलं आहे. सर जाताना मला म्हणाले, "वीस पूर्ण करून घे. एकही कमी नको."

बाकीचे दहा जण कोर्टावर फ्री थ्रो मारत होते. मी पायऱ्यांच्या तळाशी उभा राहून मोजत होतो. तेराव्या फेरीला तो खाली आला आणि त्याने पाणी मागितलं. मी म्हणालो, सातच राहिल्या, संपव आणि पी. सोळाव्या फेरीला तो मधेच बसला आणि त्याला उलटी झाली. मी त्याला म्हणालो, ऊठ, सर येतील आता. तो उठला. अठराव्या फेरीला वर पोचला, वळला आणि तिथेच आडवा झाला. आमच्यातला जो पुढे जहाजावर चीफ इंजिनिअर झाला, ज्याला मी आता चीफच म्हणतो, तो सगळ्यांत आधी धावला. मी जागचा हललो नाही. मला वाटत होतं, दोन राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूममेट सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होता. सरांनी मला जिमखान्याच्या खोलीत बोलावलं. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, चौकशी होईल, कॅप्टनला लिहून द्यावं लागेल. टेबलावर कागद ठेवला होता. मी विचारलं, काय लिहू? सर म्हणाले, "मी मैदानावर नव्हतो, हे तर खरंच आहे." एवढंच. मग खिडकीजवळ जाऊन पाठमोरे उभे राहिले.

मी लिहिलं की सराव संपला होता, आणि हा खेळाडू दम वाढावा म्हणून स्वतःच्या इच्छेने पायऱ्यांवर पळत होता. यातला एकही शब्द सरांनी सांगितला नाही. आणि शेवटी मी एक वाक्य जास्तीचं घातलं, तेही मलाच सुचलं: आम्ही सगळे त्याला नको म्हणत होतो. मग तो कागद घेऊन हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये फिरलो. कुणी वाचून सही केली, कुणी न वाचता. हे चाललं होतं तेव्हा तो जिवंत होता. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी गेला.

त्याच्या आईला मी पत्र लिहिलं. त्यातही तेच होतं, जरा हळव्या शब्दांत. तीन आठवड्यांनी आम्ही अंतिम सामना जिंकलो. सर कोर्टावर बसून रडले. आम्हाला वाटलं, त्याच्यासाठी रडतात. पुढे पहिल्या नोकरीसाठी सरांनीच शिफारस केली, तिथून मुंबई, तिथून इथे.

बहिणीच्या संदेशाला मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा उमटलेल्या तिला दिसत असणार. त्या रविवारी मी कोर्टावर गेलो नाही, अंग दुखतंय असं कळवलं. बायकोने दोनदा विचारलं की काय झालंय, तेव्हा ऑफिसचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

चीफ तेव्हा सिंगापूरला यायचा होता. इथून त्याला जहाज गाठायचं होतं आणि मधे दीड दिवस मोकळा होता. पाया लेबारच्या मॉलमध्ये दुपारी जेवायला भेटलो. मी त्याला फोनवरचा कागद दाखवला. त्याने चष्मा वर करून स्वतःची सही शोधली.

"कायले काढतं बे हे आता?" तो म्हणाला. मी म्हणालो, मी नाही काढलं, आपल्या क्रमवारीने काढलं. त्याने बराच वेळ समजावलं. सर आता नीट चालत नाहीत, हात थरथरतात, धरून बसवावं लागतं. तीस वर्षांत त्यांनी किती पोरं मार्गी लावली. आपण दोघं आज इथे वातानुकूलित जागेत बसून जेवतोय ते कुणामुळे? आणि बहिणीला नोकरी लागली ती सरांनी प्राचार्यांकडे खेटे घातले म्हणून, हे मला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं.

मी विचारलं, मग मी मानपत्र लिहू का?

तो जेवायचा थांबला. म्हणाला, "तेवढं नको लिहू." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी फ्री थ्रो मारत होतो. तू त्याला उठवलं तेव्हा मी पाहिलं. चेंडू हातात होता, आणि मी तो बास्केटमध्ये टाकला. पडला का नाही तेही आठवते मले. पडला."

त्याला इमिग्रेशनच्या कागदांसाठी एजंटकडे जायचं होतं. एमआरटी मेट्रोच्या स्टेशनच्या दारापर्यंत मी त्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एका छोट्या मीटिंग रूममध्ये जाऊन मी बहिणीला फोन लावला. भारतात तेव्हा दुपारचा एक वाजला होता, तिची जेवणाची सुटी. मी आधी माफी मागायला लागलो तर ती म्हणाली, "दादा, आधी काय झालं ते सांगा."

मी सांगितलं. फेऱ्यांच्या आकड्यांसकट. मागे कुणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज येत होता. माझं सांगून झाल्यावर तिने एकच गोष्ट विचारली.

"त्याने पाणी मागितलं होतं का?"

"हो."

"मग?"

"मी म्हणालो, संपव आणि पी."

मग ती अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाली की तिने ओळखलं होतं, कारण भाऊ तापात कधी आपणहून पळणारा नव्हता, घरी तापात तो आईच्या मांडीवरून डोकंसुद्धा उचलायचा नाही. मी म्हणालो, मी हे ग्रुपवर लिहिणार आहे, आणि कॉलेजलाही कळवणार आहे. ती म्हणाली, "तुम्हाला जे करायचं ते करा. माझी नोकरी जाणार नाही आणि भाऊ येणार नाही. फक्त आईपर्यंत पोचू देऊ नका. तुमच्या पत्रावर ती तीस वर्षं जगली आहे. पोरगा हौसेने पळत होता आणि पळता पळता गेला, असं ती सगळ्यांना सांगते. ते तिच्याकडून काढून घेऊ नका."

त्या शनिवारी मी ग्रुपवर लिहिलं. मोबाइलवर लिहायला जमेना म्हणून लॅपटॉपवर लिहिलं, मराठीत, एका पानाचं. सरांनी काय सांगितलं, मी काय केलं, कागदावर काय खोटं आहे आणि ते मी कसं लिहिलं. मानपत्र मी लिहू शकत नाही. कोर्टाला नाव द्यायचं तर माझ्या रूममेटचं द्या. हे त्याच्या आईला कळू नये, एवढी विनंती.

पहिली पंधरा मिनिटं काहीच नाही. ज्या ग्रुपवर शुभ सकाळलाही वीस उत्तरं येतात तिथे पंधरा मिनिटं. मग एका ज्युनिअरने लिहिलं, कॅप्टन, तीस वर्षांनी सिंगापूरला बसून आठवलं का? दुसऱ्याने लिहिलं, सर आजारी आहेत, कृपया हे डिलीट करा. तिसऱ्याने हिशोब मांडला की पायऱ्या तर आम्हीही पळालो, आम्ही मेलो नाही, आणि त्या काळी सगळेच कोच असे होते, त्या काळाच्या मानाने क्रमवारी लावायला हवी. त्यावर वाद सुरू झाला. पाहता पाहता ते पुन्हा कोण पहिला आणि कोण दुसरा यावर आले. एकाने लिहिलं की एका घटनेचे किती गुण कापायचे ते आधी ठरवा, आणि मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, कारण ते माझ्या तोंडी शोभलं असतं. रविवारच्या टेबलावर मी याहून वाईट बोललो होतो. अमेरिकेतल्या एका कोचच्या हाताखाली मुलांचे हाल होतात अशी बातमी आली तेव्हा मी म्हणालो होतो, त्याने किती विजेतेपदं मिळवली तेही छापा.

अकरा सह्यांपैकी दोघं आता नाहीत. मी सोडून राहिलेल्या आठांपैकी तिघांनी मला खासगीत लिहिलं, एकाने नुसते जोडलेले हात पाठवले. ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळपर्यंत ॲडमिनने फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं करून टाकलं. आणि दोन दिवसांनी, बहुतेक जहाजावरच्या वायफायमधून, चीफने ॲडमिनला सांगून एक ओळ टाकून घेतली: "कॅप्टनने लिहिलं ते खरं आहे. मीही सही केली होती." तेवढी ओळ अजून तिथे आहे.

सरांचा फोन आठव्या दिवशी आला. त्यांच्या सुनेने लावून दिला असावा, आधी तिचा आवाज आला. मी ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत होतो, म्हातारी माणसं व्यायाम करत होती. सरांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी आधी माझ्या आईची चौकशी केली. ती जाऊन सहा वर्षं झाली हे मी सांगितलं. ते म्हणाले, तिने मेथीची भाजी केली होती.

मग म्हणाले, "तू लिहिलंस ते मी वाचून घेतलं. वीस सांगितल्या होत्या, खरं आहे. ते माझ्यावर आहे आणि मी जाईपर्यंत राहील." त्यांना दम लागला. "पण एक सांगू का तुला? मी मुद्दाम निघून जायचो. शिक्षा सांगायची आणि काहीतरी कारण काढून निघून जायचं. मागे कॅप्टन पाच-सहा फेऱ्या सोडून द्यायचा, पोरगं पाणी पिऊन सावलीत बसायचं, आणि मी आल्यावर सगळे खोटं सांगायचे की वीस झाल्या. सगळ्याच कॅप्टननी तसं केलं. त्या दिवशी खरंच बोलावणं होतं, पण मला वाटलं, तू आहेस. तू बसवशील त्याला."

मी म्हणालो, "तुम्ही म्हणालात, एकही कमी नको."

"ते मी सगळ्यांनाच म्हणायचो," सर म्हणाले.

फोन कधी संपला ते मला आठवत नाही. हे खरं असेल, किंवा तीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी रचलेलं असेल. मी आधीच्या कॅप्टनना विचारू शकलो असतो. दोन जण ग्रुपवर आहेत. मी अजून विचारलेलं नाही. माझ्या कॅप्टनशिपच्या आधीच्या वर्षी मीही एकदा त्या पायऱ्या पळालो होतो, आणि तेव्हाच्या कॅप्टनने किती फेऱ्या मोजल्या ते आठवायचा खूप प्रयत्न केला. चौदा असाव्यात असं वाटतं. नक्की सांगता येत नाही.

कोर्टाला सरांचंच नाव लागलं. सत्काराचे फोटो ग्रुपवर आले, चाकाच्या खुर्चीत बसलेले सर, गळ्यात हार, नजर भलतीकडेच. मानपत्र दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. कॉलेजला मी पाठवलेल्या पत्राची पोच आली, संबंधित फाइलला जोडलं आहे, एवढी. त्या कार्यक्रमाच्या दिवशी बहिणीने रजा टाकली होती. रविवारच्या मंडळींना मी थोडक्यात सगळं सांगितलं. बाकीच्यांनी विषय बदलला. अंकल जाताना माझ्यासोबत लिफ्टपर्यंत आले, आणि त्यांच्या मजल्याचं बटण मलाच दाबावं लागलं.

जूनमध्ये बहिणीचा फोन आला. म्हणाली, आईला कुणीतरी सांगितलं की भावाचे मित्र त्याची आठवण काढतात, सिंगापूरचा तर खूप काढतो. ती बोलायचं म्हणते आहे. मी काय बोलू असं विचारलं. ती म्हणाली, पत्रात लिहिलं तेच.

काकूंचा आवाज खणखणीत होता. "तू त्याच्या खोलीतला नं, पोरा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. चटणी आवडायची ती तुलेच का, असंही विचारलं, त्याने घरी सांगितलं होतं म्हणे. मग म्हणाल्या, "त्याले पळाले लय आवडे. शेवटी पळतच गेला नं तो?"

"हो, काकू."

"थकला होता का रे?"

"नाही."

आता त्या महिन्यातून एकदा फोन करतात. आम्ही घरी वंदना घेतो तेव्हा पाच शीलांतलं चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज खाली जातो आणि मुलगी माझ्याकडे बघते. काकू दर वेळी थोडं अधिक विचारतात, आणि मला दर वेळी थोडं नवीन सांगावं लागतं. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, त्या दिवशी पायऱ्यांवर त्याच्याबरोबर कोण पळत होतं. मी म्हणालो, मी पळत होतो, काकू. आम्ही दोघं पळत होतो.